भिंती रंगवून झाल्या, आता नाल्यासाठी चित्रकार नेमा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये पर्यावरण दिनाच्या निमित्ताने बेळगाव शहरातील एका संस्थेने भित्तिचित्र स्पर्धा घेतली आणि निवृत्त चित्रकला शिक्षक या नात्याने मला परीक्षणासाठी बोलावले. मुलांनी मन लावून काम केले होते. भिंतीवर हिरवी पृथ्वी होती, तिला कवटाळणारे दोन हात होते, तोंडाला मास्क बांधलेले झाड होते आणि एका चौकटीत प्लास्टिकच्या बाटलीत अडकलेला मासा रडत होता. बक्षिसे वाटून झाली, पाहुण्यांची भाषणे झाली आणि मग त्याच मुलांनी ब्रश, पॅलेट आणि रंगाचे डबे शेजारच्या नळावर धुतले. लाल, निळा आणि हिरवा असे तीन ओघळ फरशीवरून घरंगळत गटारात उतरले. ते गटार ज्या ओढ्याला मिळते तो ओढा पुढे बळ्ळारी नाल्याला जाऊन मिळतो आणि तो नाला आमच्या वडगावच्या शिवारातून वाहतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलेल्या मलाही ते ओघळ डोळ्यांनी पाहीपर्यंत काही सुचले नाही. पहिले बक्षीस आम्ही रडणाऱ्या माशाला दिले होते.

त्या दिवसापासून मनात घोळत असलेली एक मागणी आपल्या दैनिकाद्वारे महानगरपालिकेपुढे आणि शहरातील कलासंस्थांपुढे मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पर्यावरणाच्या नावाने भिंती रंगवण्याचा खर्च काही वर्षे थांबवावा आणि त्या पैशातून बळ्ळारी नाल्यासाठी एका कलावंताची, निदान तीन पावसाळ्यांसाठी, रीतसर पगारी नेमणूक करावी.

ही मागणी ऐकून काहींना हसू येईल याची मला कल्पना आहे. नाल्याला जलपर्णी काढणारे यंत्र हवे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवे, अतिक्रमणे काढण्याची हिंमत हवी; तिथे चित्रकार काय करणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी नाल्याची स्थिती थोडी सांगणे भाग आहे. येळ्ळूरच्या बाजूने येणारा हा नाला अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव आणि हलगा भागातील शेतांना लागून जातो आणि पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. याच मार्कंडेयेवर वरच्या अंगाला राकसकोप जलाशय आहे, ज्याचे पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो. म्हणजे वर ज्या नदीचे पाणी आपण पिण्यासाठी घेतो, खाली त्याच नदीला आपले सांडपाणी परत करतो. तिथून ते घटप्रभेत आणि घटप्रभेतून कृष्णेत जाते. नाल्याकाठची जमीन काळी, कसदार आणि बेळगावच्या बासमतीचे नाव ज्या शिवारांमुळे झाले त्यांतली. जून-जुलैमध्ये पाऊस लागून राहिला की जलपर्णीने तुंबलेला नाला पात्र सोडतो आणि धूळवाफ पेरणीने उगवून आलेले भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहते. मग दुबार पेरणी, नाहीतर रोप विकत आणून लागवड. दरवर्षी निवेदने दिली जातात, फोटो छापून येतात, कधी जेसीबीने थोडा गाळ काढून तो काठावरच टाकला जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात तोच गाळ पुन्हा पात्रात उतरतो.

माझे वडील सांगत की पूर्वी नाल्याचे पाणी शेतात आले की लोक फार वाईट वाटून घेत नसत, कारण पाणी ओसरल्यावर मागे राहणारी मळी म्हणजे फुकटचे खत असे. आता पाणी ओसरल्यावर भाताच्या प्रत्येक चुडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर काळपट पट्टा राहतो, पात्यांना गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्यांचे तुकडे चिकटलेले असतात, आणि भांगलणीला उतरणाऱ्या बायका पोटऱ्यांना खोबरेल लावून वाफ्यात पाय टाकतात, कारण नाही लावले तर रात्रभर खाज सुटते. हे मी आमच्या बांधावर उभा राहून पाहिलेले आहे. शहरातील कोणत्याही पर्यावरण दिनाच्या भिंतीवर मला खोबरेल लावलेली पोटरी आजवर दिसलेली नाही.

इथे कलावंताची गरज सुरू होते, आणि ती कशी, हे सांगायला एक उदाहरण पुरेसे आहे. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या कलावंत. चित्र, शिल्प, मांडणशिल्प, व्हिडिओ अशा अनेक माध्यमांत त्यांनी काम केले. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून त्या बस्तरमधील कोंडागावला जाऊन तिथल्या आदिवासी शिल्पकारांबरोबर काम करू लागल्या. त्या कामाचा एक भाग म्हणजे ‘नलपार’, अर्थात हातपंपाभोवतीची जागा. हातपंपाभोवती चिखल, सांडलेल्या पाण्याचे डबके, आणि भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना बाईच्या कमरेला बसणारा हिसका, हे आपल्याकडच्या कोणत्याही खेड्यात दिसणारे दृश्य. नवज्योत आणि त्यांच्या सहकारी कारागिरांनी तिथल्या बायका-मुलांशी बोलून या जागा नव्याने बांधल्या. हंडा आधी ठेवता येईल अशा उंचीचे कट्टे केले, म्हणजे तिथून तो डोक्यावर घेणे सोपे होते. सांडलेले पाणी वाहून जाईल अशी सोय केली आणि भिंतींवर तिथल्याच लोकांच्या खुणा आणि आकार उमटवले. हे शिल्प आहे की बांधकाम, असा प्रश्न कलादालनात पडू शकतो. पंपावर आलेल्या बाईला तो पडत नाही. मला त्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. हंडा उचलतानाचा तो हिसका कोणत्याही अभियंत्याच्या नकाशात नव्हता. तो दिसण्यासाठी कोणीतरी दिवसचे दिवस पंपाशेजारी बसून, शरीराची वळणे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांनी पाहावे लागले. चित्रकाराला आयुष्यभर हेच शिकवलेले असते.

दुसरे उदाहरण परदेशातील आहे, पण आपल्या महापालिकेला ते अधिक लागू पडेल. मियर्ल लेडरमन युकेलीस या कलावंत बाई 1977 पासून न्यूयॉर्क शहराच्या सफाई खात्यात ‘निवासी कलावंत’ आहेत, आणि गंमत म्हणजे ही नेमणूक बिनपगारी. 1979-80 मध्ये त्यांनी जवळजवळ अकरा महिने खर्चून खात्यातील सुमारे 8,500 कामगारांपैकी प्रत्येकाला, त्याच्या कामाच्या जागी आणि कामाच्या वेळी, गाठले, हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले. न्यूयॉर्कमध्ये त्या हस्तांदोलनाला जो अर्थ होता त्याहून कितीतरी जड अर्थ त्याला आपल्याकडे येईल. गटारात उतरलेल्या पौरकार्मिकाचा, म्हणजे सफाई कामगाराचा, हात हातात घ्यायला आपल्यातले किती जण पुढे होतील, याचे उत्तर प्रत्येकाने मनातल्या मनात दिले तरी पुरे. बळ्ळारी नाल्याला कुठून, केव्हा आणि कोणाचे पाणी मिळते याची बिनचूक माहिती याच माणसांकडे आहे, आणि आजवर ती कोणी त्यांना विचारलेली नाही.

मी स्वतः मोठा कलावंत नाही, पण एक छोटा प्रयोग केला होता. त्यात जे फसले तेच या पत्रासाठी अधिक उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आपल्या जिल्ह्याचे काय झाले ते सर्वांना आठवते. पाणी ओसरल्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी पाच-सहा जणांना घेऊन मी नाल्याकाठच्या घरांना, पंपशेडना, विजेच्या खांबांना आणि दोन-तीन मोठ्या झाडांना, जिथवर पाणी चढले होते तिथे, गेरूची बोटभर रुंद रेघ ओढायला सुरुवात केली. घरमालकाची परवानगी घ्यायची, रेघ त्याच्याच हाताने ओढून घ्यायची, शेजारी तारीख त्यानेच घालायची आणि वहीत त्या ठिकाणाची नोंद करायची, एवढेच. सुरुवातीला लोक हसले. मग एक म्हातारे गृहस्थ स्वतःहून म्हणाले की या रेघेच्या खाली आणखी एक रेघ काढा, आमच्या लहानपणी मोठ्यात मोठा पूर इथवरच यायचा. त्यांच्या पंपशेडवर दोन रेघा झाल्या आणि दोन्हींमध्ये जवळजवळ दीड हाताचे अंतर पडले. त्या दीड हातात किती प्लॉट, किती रस्ते आणि किती भराव बसले आहेत हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही, पण त्या दिवशी तिथे जी शांतता पसरली ती मला माझ्या साऱ्या नोकरीत कोणत्याही प्रदर्शनात मिळालेली नाही.

आता फसले ते. दोन महिन्यांनी मी तिकडून जात असताना एका घरावरची रेघ चुन्याने झाकलेली दिसली. विचारले तर मालक ओशाळून म्हणाले, मास्तर, जागा बघायला गिऱ्हाईक येणार होतं. मला राग आला नाही. उलट तेव्हा समजले की बोटभर गेरूच्या रेघेला जमिनीचा भाव खाली आणण्याची ताकद आहे आणि शहरभरच्या हिरव्या पृथ्व्यांना ती नाही. एका शेतकऱ्याने मात्र मला सरळच विचारले, “रेघ मारलासा, बरं केलासा, पाणी कमी कवा होणार ते सांगा की.” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि कोणत्याही कलावंताकडे नसेल. गेरूने पूर ओसरत नाही. पण पूर कुठवर येतो, पूर्वी कुठवर येत होता आणि मधल्या काळात काय झाले, हे भर चौकात, कागदपत्राविना आणि कोणाला नाकारता येणार नाही अशा रीतीने दाखवता येते. आपल्या शहरात 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आपण अभिमानाने जपली आहे, पाहुण्यांना दाखवतो, ते योग्यच आहे. 2019 चे पाणी कुठवर आले होते हे दाखवणारी एक शिळा मात्र सार्वजनिक जागेत माझ्या तरी पाहण्यात नाही.

या कामात सीमाभागाची म्हणून एक सोयही आहे. आपल्याकडे भिंतीवर काही लिहायचे म्हटले की आधी कोणत्या लिपीत लिहायचे, वर कोणती आणि खाली कोणती, अक्षरे किती मोठी, यावर वाद होतो आणि कधी कधी मूळ मजकूर काय होता तेच विसरले जाते. गेरूच्या रेघेला लिपी नाही. वडगाव-खासबागच्या मागावर मराठी आणि कन्नड बोलणारे विणकर शेजारी शेजारी बसतात, नाल्याच्या पुराने दोघांच्याही घरात सारखाच गाळ येतो आणि तो काढताना दोघे एकमेकांना घमेले देतात. मातृभाषेच्या हक्काबद्दल माझी मते पक्की आहेत आणि ती मी अन्यत्र मांडत आलो आहे. परंतु नाल्यासाठी नेमायच्या कलावंताला दोन्ही भाषा बोलता आल्याच पाहिजेत, ही अट मी स्वतः घालीन.

कलावंत एकटा पुरणार नाही, हेही उघड आहे. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात जॉन सॅब्रॉ हे चित्रकार आणि गाय रिफ्लर हे स्थापत्य अभियंते मिळून एक काम करतात. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींतून ओढ्यांमध्ये पाझरणाऱ्या लोहयुक्त आम्ल पाण्यातून लोह वेगळे काढून ते त्यापासून चित्रकारांसाठी पिवळे, तांबडे, तपकिरी रंग तयार करतात. ज्या द्रव्याने ओढा मेला तेच द्रव्य विकून ओढा स्वच्छ करण्याचा खर्च भागवावा, ही त्यामागची कल्पना. आपल्या नाल्यात लोह नाही, मैला आणि साबणाचा फेस आहे, त्यामुळे तसेच्या तसे करण्याचा प्रश्न येत नाही. पण चित्रकार आणि अभियंता एका टेबलावर बसल्याशिवाय असे काही सुचत नाही, एवढे त्यातून घेता येईल. आपल्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. आपल्या खानापुरात तर मातीची एवढी जाण आहे की 1950 च्या दशकापासून तिथे कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. गणेशोत्सवात कपिलेश्वर तलावात विसर्जित होणाऱ्या शाडूच्या मूर्तींची माती गाळून, वाळवून मूर्तिकारांना परत देण्याचे काम अशा कलावंताने पहिल्याच वर्षी हाती घेतले तरी पुष्कळ होईल. पुण्यात अशी माती परत घेण्याचे काम काही वर्षांपासून चालू आहे. प्लास्टरच्या मूर्तीची माती परत देता येत नाही, हे लोकांना त्यातून आपोआप कळेल, वेगळा फलक नको.

चित्रकार बाहेरूनच आणावा असेही नाही. के. बी. कुलकर्णी यांनी ज्या गावात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, जिथून रवी परांजपे यांच्यासारखा त्यांचा शिष्य पुढे गेला, त्या गावात डोळस तरुणांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना भिंत आणि पोर्ट्रेट यांच्यापलीकडचे काम देणाऱ्याची. चंद्रपूरजवळच्या सास्ती गावातून आलेले प्रभाकर पाचपुते यांचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. घरात तीन पिढ्या कोळसा खाणीतील कामगार, आणि त्यांनी हातात घेतले ते माध्यमही कोळसाच. चित्र, शिल्प, ॲनिमेशन सगळीकडे खाण आणि खाणीने खाल्लेली जमीन. 2021 मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार ज्या सहा कलावंतांना विभागून मिळाला त्यांत ते होते. आपल्या नाल्याकाठच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरातही असाच एखादा माल पडून असेल. तो चिखल आहे म्हणून आपण त्याकडे पाहत नाही.

या नेमणुकीत एक धोकाही आहे आणि तो मी लपवणार नाही. कलावंत नेमला, उद्घाटन झाले, नाल्यावर रंगीत कठडा आणि सेल्फी पॉइंट उभा राहिला, आणि मूळ कामे तशीच राहिली, असे सहज होऊ शकते. त्या कठड्याआड नाला आणखी दहा वर्षे लपेल आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होईल. म्हणून नेमणुकीच्या करारातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. कलावंताने घोषवाक्य रंगवायचे नाही. गटारांचे आणि नाल्याच्या मूळ पात्राचे नकाशे त्याला पाहायला मिळाले पाहिजेत. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या शेतकऱ्यांना, विणकरांना, पौरकार्मिकांना आणि भांगलणीच्या बायकांना त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. लोकसहभाग या शब्दाखाली गरिबांचा दिवस फुकट घेण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. आणि वर्षाचे प्रदर्शन वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनात भरवण्याआधी ते शिवारात, बांधावर भरले पाहिजे. कलादालनाबद्दल मला आदर आहे, माझी स्वतःची चित्रे तिथे लागलेली आहेत. परंतु ज्यांच्याबद्दल काम आहे त्यांनी ते आधी पाहून नाके मुरडण्याचा हक्क बजावला पाहिजे.

मुदत तीन पावसाळ्यांची का, असेही कोणी विचारील. जर्मनीत कासेल शहरात योसेफ बॉइस यांनी 1982 मध्ये ओकची आणि इतर मिळून 7,000 झाडे, प्रत्येकाशेजारी बेसाल्टचा एक दगड, अशी लावायला सुरुवात केली तेव्हा ते काम पुरे व्हायला पाच वर्षे लागली. 1986 मध्ये ते स्वतः गेले आणि शेवटचे झाड 1987 मध्ये लागले. आपण एका दिवसात स्पर्धा, परीक्षण, बक्षीस आणि चहा उरकतो. पहिल्या पावसाळ्यात कलावंताला फक्त पाहू द्यावे, दुसऱ्यात लोक त्याच्याशी खरे बोलू लागतील, आणि तिसऱ्यात काही उभे राहिले तर राहील.

माझ्याकडे 2019 च्या रेघांची वही आहे. तिच्यात 43 ठिकाणांची नोंद आहे; त्यांपैकी गेरू अजून दिसतो अशी ठिकाणे गेल्या महिन्यात मोजली तेव्हा 17 भरली. महापालिकेला किंवा कोणा तरुण कलावंताला ती हवी असेल तर मी आनंदाने देईन आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः घेऊन जाईन. मात्र यायचे असेल तर वळीव पडण्याआधी यावे. एकदा पेरणी झाली की बांधावर दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येत नाही, आणि पाणी भरल्यावर बांध कुठे आहे तेच कळत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
वडगाव, बेळगाव